व्हिसाच्या खिडकीपलीकडचा हिशेब

व्हिसा आणि सीमेवरच्या तपासणीचा विषय निघाला, की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो, नियम आवळा. दुसरा म्हणतो, माणसांचा छळ थांबवा. कुठे हल्ला झाला की पहिल्याचा आवाज चढतो. कुणा विद्यार्थ्याला विमानतळावरूनच माघारी धाडलं की दुसऱ्याचा. ज्या यंत्रणेवरून हे भांडण चाललंय, ती मात्र पूर्वीसारखीच चालत राहते. मला हा वाद चुकीच्या जागी चाललाय असं वाटतं. दार किती उघडं ठेवायचं, हे ज्या त्या देशाच्या मतदारांनी ठरवावं. पण दार उघडं असो वा बंद, दारावर बसलेलं खातं नेमकं काय करतं, स्वतःचेच नियम पाळतं का, चुकलं तर त्याला ते कळतं का, हे त्या खात्याबाहेरच्या माणसाला तपासता आलं पाहिजे. त्याला हवी ती फाइल मागायचा अधिकार हवा, आणि त्याचा अहवाल छापायचा की दाबायचा हे मंत्र्याच्या हातात नको. ही मागणी स्थलांतरितांच्या बाजूची समजली जाते. खरं तर सुरक्षेची काळजी असणाऱ्यांनी ती सर्वांत आधी करायला हवी होती.

एका मैत्रिणीचा अर्ज मी जवळून पाहिला. लेकीच्या पदवीदान समारंभाला जायचं होतं, पंधरा दिवसांसाठी. बँक स्टेटमेंट, ऑफिसचं रजापत्र, आयकराची विवरणपत्रं, घराचे कागद, परतीच्या विमानाचं बुकिंग, सगळं क्रमाने लावून तिने फाइल केली. खिडकीवरच्या मुलीने पानं मोजली, बोटांचे ठसे घेतले, पावती दिली. ती मुलगी वकिलातीची नव्हे, कंत्राटदार कंपनीची. निर्णयाशी तिचा संबंध नाही. तीन आठवड्यांनी पाकीट आलं. पासपोर्टसोबत एक छापील कागद, त्यावर कारणांची यादी, प्रत्येक कारणापुढे चौकट आणि एका चौकटीत फुली: मुदत संपण्याआधी अर्जदार परत जाईल याबद्दल वाजवी शंका आहे. मैत्रिणीने कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. शंका कशावरून आली? नोकरीवरून? खात्यातल्या रकमेवरून? लेक तिथे आहे म्हणून? खिडकीवर विचारलं तर उत्तर मिळालं, आम्ही फक्त फाइल पुढे पाठवतो. वकिलातीच्या फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज होता. अपील करता येईल असं कागदाच्या तळाशी लिहिलेलं होतं. पण शंकेचं कारणच माहीत नसेल, तर अपिलात लिहायचं काय?

तिच्या दुःखाइतकीच मला त्या फुलीतली दुसरी एक गोष्ट गंभीर वाटते. फुली मारणारा अधिकारी चुकला असेल, तर ते त्याला कधीच कळणार नाही. व्हिसा चुकून दिला आणि माणूस तिथेच राहिला, तर निदान कुठेतरी नोंद व्हायची शक्यता असते. व्हिसा चुकून नाकारला, तर आपण परत आलो असतो हे दाखवायची संधीच अर्जदाराला मिळत नाही. नकाराची चूक कागदावर उमटतच नाही. शिवाय चुकीच्या होकाराची किंमत मोठी: पहिल्या पानावर बातमी, चौकशी, अडकलेली बढती. चुकीच्या नकाराला किंमतच नाही. अशा खुर्चीवर बसलेला सरळ माणूसही चार वर्षांत कुठे झुकेल, हे सांगायला हवं का? आणि नकार वाढले म्हणून देश सुरक्षित होतो असंही नाही. ज्याला स्वतःच्या चुका दिसत नाहीत, ते खातं धोक्याचा माणूस ओळखायलाही शिकत नाही.

११ सप्टेंबर २००१ चे सगळे १९ अपहरणकर्ते अमेरिकेचे व्हिसा घेऊन, विमानतळावरच्या काउंटरसमोर उभे राहून आत आले होते. त्यांतल्या काहींच्या अर्जांत पकडता आली असती अशी खोटी माहिती होती आणि काहींच्या पासपोर्टमध्ये फेरफार होते, असं चौकशी आयोगाने २००४ मध्ये नोंदवलं. पण माझ्या मनातून जात नाही ती त्यानंतरची गोष्ट. ११ मार्च २००२ ला, म्हणजे हल्ल्याला बरोबर सहा महिने झाले त्या दिवशी, फ्लोरिडातल्या एका विमानचालन शाळेत टपालाने कागद पोहोचले. मोहम्मद अता आणि मारवान अल-शेही या अपहरणकर्त्यांपैकी दोघांना विद्यार्थी म्हणून राहण्याची परवानगी मंजूर झाल्याचे ते कागद होते. मंजुरी आदल्या उन्हाळ्यातच झाली होती. कागद निघायला इतका वेळ लागला. मधल्या काळात ही दोन नावं जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली, आणि तरीही इमिग्रेशन खात्यात कुणालाच ते पाकीट थांबवावंसं वाटलं नाही. हे खातं सैल होतं म्हणून झालं का? ते आंधळं होतं म्हणून झालं. त्याच देशाच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, परदेशी माणूस आला कधी आणि गेला कधी याची स्वयंचलित नोंद ठेवा, असा कायदा १९९६ मध्येच केला होता. येण्याची नोंद उभी राहिली. जाण्याची बायोमेट्रिक नोंद पुढची कित्येक वर्षं रखडत राहिली. युरोपने असाच कायदा २०१७ मध्ये केला आणि यंत्रणा सुरू झाली १२ ऑक्टोबर २०२५ ला. तोवर शेंगेन देशांत, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांत, मुक्कामाचे दिवस पासपोर्टवरचे शिक्के बघून मोजले जात. कोण परत गेलं हेच जिथे नीट ठाऊक नव्हतं, तिथे परत जाण्याबद्दलची ‘वाजवी शंका’ नेमकी कशाच्या आधारावर उभी होती?

आता विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. दुसऱ्याच्या देशात शिरायचा हक्क कुणालाही नाही. हे मला मान्य आहे, मनापासून मान्य आहे. सीमा ठरवणं हे सार्वभौम राज्याचं मूळ काम आहे, आणि व्हिसा म्हणजे परवानगी, हक्क नव्हे. पण यावरून लोक जे अनुमान काढतात ते मला पटत नाही. हक्क नाही म्हणून कारण नको, कारण नको म्हणून तपासणी नको, अशी ही घसरगुंडी आहे. ती कुठे नेते हे एलन नॉफ या बाईंच्या प्रकरणात दिसलं. जर्मनीत जन्मलेल्या, नाझींपासून पळून इंग्लंडला पोहोचलेल्या, युद्धात ब्रिटिश हवाई दलात काम केलेल्या या बाईंनी एका अमेरिकन नागरिकाशी लग्न केलं. १९४८ मध्ये त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या, तेव्हा त्यांना एलिस बेटावर अडवून ठेवण्यात आलं. कारण विचारलं तर उत्तर, सुरक्षेचा प्रश्न आहे. सुनावणी मागितली तर उत्तर, पुरावा गुप्त आहे. १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी सरकारची बाजू उचलून धरली: बाहेर अडवलेल्या परदेशी माणसासाठी काँग्रेसने ठरवलेली पद्धत हीच योग्य पद्धत. पुढे वर्तमानपत्रं आणि लोकप्रतिनिधींनी विषय लावून धरला, अखेर सुनावणी झाली आणि गुप्त पुरावा उघड्यावर आला. तो ऐकीव गप्पांचा निघाला. १९५१ मध्ये बाईंना प्रवेश मिळाला. तीन वर्षं राज्याची जी गुप्तता पणाला लागली होती, ती राज्याचं रक्षण करत नव्हती. ती एका कुजबुजीचं रक्षण करत होती.

शिवाय नकार फक्त परक्याला लागतो असं कुठे आहे? नॉफबाईंचा नवरा नागरिकच होता. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या खटल्यातली पत्नीही नागरिक होती. तिच्या एल साल्वाडोरच्या नवऱ्याला वकिलातीने व्हिसा नाकारला. गुन्हेगारी टोळीशी संबंधाचा संशय हे कारण तिला कळायला तीन वर्षं आणि एक खटला लागला. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी तिचा दावा फेटाळला. कायद्याच्या चौकटीत तो निर्णय बसत असेल. पण मग वकिलातीतला तो निर्णय तपासणार कोण? न्यायालयाने हात आखडता घेतला की दुसऱ्या कुणाची तरी गरज संपत नाही, उलट वाढते.

गुप्ततेचा मुद्दा तरीही पूर्ण मोडीत निघत नाही. खबऱ्याचं नाव, दुसऱ्या देशाने विश्वासाने दिलेली माहिती, फोन कसा ऐकला गेला याचा तपशील अर्जदाराच्या हातात ठेवता येत नाही, ठेवूही नये. पण सगळं उघड करणं आणि काहीच न सांगणं यांच्यामध्ये बरीच जागा आहे. नेदरलँड्सने दोन अर्ज नाकारले होते, कारण शेंगेनमधल्या दुसऱ्या देशाने हरकत घेतली होती. ती कुणी आणि कशासाठी घेतली, हे मात्र अर्जदारांना सांगितलं नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवलं, की हरकत घेणारा देश कोणता आणि हरकतीचं नेमकं कारण काय, एवढं सांगावंच लागेल. युरोपची सुरक्षा त्याने ढासळली नाही. आपल्याकडे १९७७ मध्ये मनेका गांधींचा पासपोर्ट जमा करून घेतला गेला आणि ‘सार्वजनिक हितासाठी’ कारण सांगता येत नाही असं कळवलं गेलं. त्या नागरिक होत्या आणि देशाबाहेर जाणार होत्या, म्हणून तो प्रश्न वेगळा. पण २५ जानेवारी १९७८ च्या निकालाचा गाभा इथे लागू पडतो: कायद्याने घालून दिलेली पद्धत नुसती असून भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी असावी लागते. आणि जी माहिती खरोखरच अर्जदाराला दाखवता येत नाही, ती शपथ घेतलेल्या, सुरक्षा तपासणी झालेल्या निरीक्षकाला दाखवायला काय हरकत आहे? गुप्त कागद जनतेपासून लपवायचा असतो. तपासनिसापासून लपवला, तर त्याला गुप्तता म्हणत नाहीत.

तिसरा आक्षेप व्यवहारातला आहे आणि तो काउंटरवर बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकला तर पटतो. लाखो अर्ज, एका अर्जाला काही मिनिटं, मागे संपत नाही अशी रांग. प्रत्येक नकारावर सुनावणी घ्यायची ठरवली तर कामच ठप्प होईल. खरं आहे. मी प्रत्येक नकारावर सुनावणी मागतही नाही. लेखापरीक्षक प्रत्येक पावती तपासत नाही, तरी त्याच्या येण्याने हिशेब सरळ राहतात. दर महिन्याला काही मंजूर आणि काही नामंजूर फाइली चिठ्ठ्या टाकून काढाव्यात आणि बाहेरच्या माणसाने नव्याने वाचाव्यात, एवढ्यानेही खूप काही बाहेर येईल.

उलट या रांगेमुळेच आता दुसरा धोका उभा राहिलाय. रांग कमी करायला यंत्र आणलं जातं. ब्रिटनच्या गृहखात्याने २०१५ पासून व्हिसा अर्जांची लाल, पिवळ्या आणि हिरव्या गटांत वाटणी करणारी एक प्रणाली वापरली. अर्जदाराचं राष्ट्रीयत्व हा त्यातला एक निकष होता. लाल रंग आला की अर्जाकडे संशयाने बघितलं जाई, साहजिकच नकार जास्त, आणि नकार जास्त म्हणून त्या देशाचे पुढचे अर्जही लाल. यंत्राने जे भाकीत केलं तेच यंत्र खरं करत होतं. सीमा आणि इमिग्रेशनच्या स्वतंत्र निरीक्षकांनी २०१७ मध्येच इशारा दिला होता, की ही वाटणी प्रत्यक्षात निर्णयच ठरू शकते. खात्याने ते मनावर घेतलं नाही. दोन संस्था न्यायालयात गेल्या, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुनावणीआधीच खात्याने प्रणाली बंद केली.

यंत्राला राग-लोभ नसतो, ते सगळ्यांना एकच नियम लावतं, असं सांगणाऱ्यांनी कोमागाटा मारू ही बोट आठवावी. कॅनडाच्या १९०८ च्या नियमात भारतीयांचं नाव कुठेही नव्हतं. मायदेशातून थेट, न थांबता प्रवास करून आलेल्यांनाच प्रवेश, एवढंच त्यात होतं. भारतातून तशी थेट बोटच नव्हती. १९१४ मध्ये ३७६ प्रवासी घेऊन आलेलं ते जहाज व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने उभं राहिलं, मोजक्या जणांना उतरू दिलं आणि बाकीचे माघारी गेले. परतल्यावर कोलकात्याजवळ बजबज इथे गोळीबार झाला, त्यात प्रवासी मारले गेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ मध्ये. नियम दिसायला तटस्थ असला की तो कुणावर पडतो हे आकडे काढल्याशिवाय दिसत नाही. आणि हे आकडे ज्या खात्याने नियम केला, ते स्वतःहून काढत नाही.

कॅनडाचीच आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण सीमा म्हणजे फक्त व्हिसा नव्हे, विमानतळावरचा तो हॉलही आहे. १३ ऑक्टोबर २००७ ला रॉबर्ट झेकान्स्की हा पोलंडचा माणूस व्हँकुव्हरला उतरला. कायमचा राहायला आला होता, कागदपत्रं पक्की होती. इंग्रजीचा शब्द येत नव्हता. सुरक्षित भागात तो सुमारे दहा तास होता. काचेपलीकडे आई वाट बघत होती. तिने विचारणा केली, तेव्हा तो इथे नाही असं तिला सांगण्यात आलं आणि ती घरी परत गेली. मध्यरात्रीनंतर थकलेला, घाबरलेला माणूस बिथरला, पोलीस आले, टेसरचे, म्हणजे विजेच्या बंदुकीचे, झटके दिले, आणि तो तिथेच मेला. झटके पोलिसांनी दिले. पण एक माणूस दहा तास एका सरकारी हॉलमध्ये असतो आणि त्याला भाषेची मदत मिळत नाही, त्याच्या आईला तो सापडत नाही, हा प्रश्न पोलिसांचा नव्हता. कॅनडाच्या पोलिसांवर बाहेरची तक्रार यंत्रणा होती. सीमा खात्यावर नव्हती. ती देणारा कायदा मंजूर झाला ऑक्टोबर २०२४ मध्ये, सतरा वर्षांनी.

देखरेखीच्या नावाखाली राजकारणी ढवळाढवळ करतील ही भीतीही खोटी नाही. मंत्र्याने फोन करून अमक्याचा व्हिसा सोडा म्हणायचं आणि त्याला देखरेख म्हणायचं, हे सगळ्यांनाच नको आहे. जर्मनीत मार्च २००० मध्ये परराष्ट्र खात्याने वकिलातींना सूचना दिली: शंका असेल तर प्रवासाच्या स्वातंत्र्याला झुकतं माप द्या. हेतू चांगला होता. कीव्हच्या वकिलातीत त्याचा फायदा माणसांची तस्करी करणाऱ्यांनी घेतला. पण याचा जाहीर हिशेब कसा झाला? संसदेच्या चौकशी समितीमुळे. २५ एप्रिल २००५ ला परराष्ट्रमंत्री योश्का फिशर त्या समितीसमोर सुमारे बारा तास बसले, दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण चालू होतं, आणि त्यांनी चुका कबूल केल्या. सैलपणाची चूकसुद्धा बाहेरच्या तपासणीनेच पकडली, हे नियम आवळा म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. ढवळाढवळ आणि देखरेख यांतला फरक अवघड नाही. ढवळाढवळ एका फाइलचा निकाल बदलायला येते आणि दाराआड होते. देखरेख निकाल लागल्यावर येते आणि तिचा अहवाल सगळ्यांना वाचता येतो.

म्हणूनच अहवाल कोण छापतो हा मला सगळ्यांत कळीचा मुद्दा वाटतो. ब्रिटनच्या त्या निरीक्षकांना फाइली बघायचा अधिकार आहे, पण अहवाल प्रसिद्ध करतं गृहखातं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेव्हाचे निरीक्षक डेव्हिड नील यांनी एका वर्तमानपत्राला सांगितलं, की लंडनमधल्या एका विमानतळावर खाजगी विमानांची तपासणी पुरेशी होत नाही. खात्याने त्यांचे आकडे नाकारले आणि नेमणुकीच्या अटी मोडल्या म्हणून त्यांना काढलं. अटी त्यांनी मोडल्या असतीलही. पण ते गेले आणि काही दिवसांत, २९ फेब्रुवारीला, खात्याकडे पडून असलेले त्यांचे १३ अहवाल एकाच दिवशी प्रसिद्ध झाले. ते इतके दिवस कपाटात का होते? आणि निरीक्षकांची तक्रार काय होती ते पुन्हा वाचा: तपासणी कमी होतेय. आवाज दाबला गेला तो सुरक्षेची काळजी करणाऱ्याचा.

एका गोष्टीवर यातलं कुठलंच न्यायालय किंवा अपील पोहोचत नाही, ती म्हणजे उशीर. नकार दिला तर निदान फुलीचा कागद मिळतो. निर्णयच दिला नाही तर कागदही नाही. जून १९४० मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातले सहायक मंत्री ब्रेकिनरिज लाँग यांनी सहकाऱ्यांना एक टिपण पाठवलं. कायदा न बदलता लोकांचं येणं थांबवता येईल, असं त्यात होतं: वकिलातींना सांगा, शक्य तितके अडथळे घाला, आणखी पुरावे मागा, व्हिसा देणं पुढे ढकला, पुढे ढकला आणि पुढे ढकला. हे शब्द त्यांनी खरोखर तीनदा लिहिले. युरोपात ज्यू माणसं वकिलातींच्या दारात कागद गोळा करत उभी होती. खात्याच्या दृष्टीने सगळं नियमात होतं, कारण पुढे ढकलणं म्हणजे नकार नव्हे. नोव्हेंबर १९४३ मध्ये लाँग यांनी संसदेच्या समितीला बंद दाराआड सांगितलं, की सुमारे ५,८०,००० निर्वासितांना घेतलंय. खरा आकडा याच्या निम्म्याहूनही कमी होता.

हे पकडलं कुणी? परराष्ट्र खात्यातल्या कुणी नाही. अर्थखात्यातल्या काही तरुण वकिलांना निर्वासितांसाठी पैसे पाठवण्याच्या परवानग्या का अडकतात याचा माग काढताना परराष्ट्र खात्याच्या तारा आणि टिपणं हाती लागली. जोसाया ड्युबॉइस या वकिलाने अहवाल लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच स्वतःच्या सरकारवर ज्यूंच्या हत्येला मूकसंमती दिल्याचा आरोप ठेवला. १६ जानेवारी १९४४ ला अर्थमंत्री हेन्री मॉर्गेन्थाऊ त्याचं संक्षिप्त रूप घेऊन अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे गेले. २२ जानेवारीला निर्वासितांसाठी वेगळं मंडळ स्थापन करण्याचा आदेश निघाला. टिपण साडेतीन वर्षं खात्याच्या आत होतं. बाहेरच्या माणसाने लिहिलेलं वरपर्यंत पोहोचलं आणि सहा दिवसांत निर्णय झाला.